नकाराची पावती

कुठल्याही नव्या योजनेची घोषणा झाली, अर्ज ऑनलाइन भरायचे असं ठरलं आणि पहिल्याच आठवड्यात साइट बसली, की तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, ज्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे आठवडाभर फिरावं लागायचं तो आता पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, तरी लोकांचं रडगाणं संपत नाही. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं गरिबाला दमवून घरी बसवायचं यंत्र आहे. मग या दोघांच्या मधे एक समजूतदार आवाज हमखास येतो: लोक अजून सरावलेले नाहीत, डिजिटल साक्षरता वाढवा, एक पिढी गेली की प्रश्न आपोआप मिटेल. या तिन्हींपैकी मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा समजूतदार आवाज. ऐकायला तो निरुपद्रवी वाटतो, पण सगळा दोष अलगद नागरिकाच्या पदरात टाकून मोकळा होतो.

माझं म्हणणं असं. वेगवेगळ्या थरांतल्या माणसांना ऑनलाइन सरकार वेगवेगळं दिसतं, कारण त्यांच्या वाट्याला खरोखरच वेगवेगळं सरकार येतं. ज्याचे सगळे कागद एकमेकांशी जुळतात तो ही सेवा चालताना बघतो. ज्याचे जुळत नाहीत तो ती अडताना बघतो. पहिला तिच्या वेगावरून मत बनवतो. दुसरा, अडल्यावर कुणाकडे जायचं यावरून. दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. तेव्हा लोकांची मतं बदलायच्या मोहिमा पुरे. सेवा जिथे अडते तिथे काय होतं ते बदलायला हवं. आणि त्यातली पहिली गोष्ट म्हणजे, यंत्राने नकार दिला तर त्या नकाराची पावती मिळण्याचा हक्क.

माझंच उदाहरण घ्या. आयकराचं विवरणपत्र मी दरवर्षी घरी बसून भरतो. पगार, बँकेचं व्याज, कापलेला कर, बरंचसं आधीच भरून आलेलं असतं. मी नजर टाकतो, ओटीपी देतो, अर्ध्या तासात मोकळा होतो. त्या अर्ध्या तासात सरकारबद्दल मला मनापासून चांगलं वाटतं. पण हे सुख येतं कुठून? माझं नाव पॅनवर, आधारवर, बँकेत आणि शाळेच्या दाखल्यावर एकाच स्पेलिंगने आहे. लग्न झाल्यावर मला आडनाव बदलावं लागलं नाही. मोबाइल नंबर वर्षानुवर्षं तोच आहे आणि तो माझ्याच खिशात असतो. माझ्या बोटांनी कधी ऊस तोडलेला नाही, विटा उचललेल्या नाहीत, चार घरची भांडी घासलेली नाहीत. यातली एकही गोष्ट मी संगणक शिकून मिळवलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात बसलो होतो. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. केंद्रचालक विशीतला पोरगा, त्याने यंत्र पुढे सरकवलं. अंगठा ठेवला, लाल दिवा. बाईंनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा लाल. "मावशी, बोट जरा केसांवरून फिरवा, तेलाने उठतो कधीकधी." त्यांनी न बोलता बोट डोक्यावरून फिरवलं, हे त्यांना नवं नव्हतं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. एकही ठसा जुळला नाही. "ओटीपीवर करू. नंबर कुणाचा दिलाय?" नंबर पुतण्याचा होता आणि पुतण्या सुरतेला. फोन लागेना. "उद्या सकाळी लवकर या, सर्व्हर मोकळा असतो, बघू." बाई उठल्या, पिशवी घेतली आणि दाराशी थबकून म्हणाल्या, "दादा, आज येऊन गेले असं काही लिहून देता का? खाडा करून आलेय." त्या पोराकडे द्यायला काही नव्हतं. तो वाईट नव्हता. त्याच्या पडद्यावर तसं बटणच नव्हतं.

त्या बाईंना ऑनलाइन सेवेबद्दल कुणी मत विचारलं आणि त्या म्हणाल्या की मला त्या यंत्राची भीती वाटते, तर आपण त्याला अज्ञान म्हणणार का? त्यांना त्या यंत्राची पूर्ण माहिती आहे. माझ्याहून जास्त. मी त्याला एकदाही अडताना पाहिलेलं नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि ते पोकळ आहेत असं दाखवणारे लोक वाद बिघडवतात. जुनं कार्यालय काय होतं हे आठवून बघावं. "साहेब जेवायला गेलेत", "साहेब मीटिंगला गेलेत", "फाइल वर गेलीय". चहापाण्याच्या नावाखाली ठरलेले दर. आणि पैशापेक्षाही जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे आडनाव ऐकल्यावर बदलणारा खिडकीपलीकडचा चेहरा. कुणाला खुर्ची द्यायची, कुणाला व्हरांड्यात उभं ठेवायचं, कुणाला अरेतुरे करायचं, हे तिथे अर्ज वाचण्याआधीच ठरायचं. दलित-आदिवासी घरातल्या पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला, एकट्याने कचेरीत जायला बिचकणाऱ्या मुलीला, पडदा आडनावावरून आवाज बदलत नाही याचं मोल किती असेल याची कल्पना खिडकीवर कधी न अडलेल्यांना येणार नाही. शिष्यवृत्ती थेट खात्यात येऊ लागली तेव्हा कॉलेजच्या कारकुनाची मर्जी सांभाळण्यातून हजारो मुलं सुटली. निवृत्त माणसाला हयातीचा दाखला द्यायला बँकेच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. हे सगळं खरं आहे, आणि जुनी खिडकी जशीच्या तशी परत आणा असं म्हणणाऱ्याच्या पंगतीत मी बसणार नाही.

पण यातून एवढंच सिद्ध होतं की जुनी खिडकी वाईट होती. तिच्या जागी आलेली नवी सगळ्यांना पोचते, हे कुठे सिद्ध झालं? आणि मधला माणूस खरंच गेला का?

इथे आपल्याच मातीतली एक गोष्ट आठवते. गावचं दप्तर शतकानुशतकं कुलकर्ण्याच्या हाती होतं आणि ते मोडीत लिहिलेलं असे. जमीन कुणब्याची, पण तिच्याबद्दलचा कागद कुणब्याला वाचता येत नसे. कागदात काय आहे हे सांगणारा, काय लिहायचं हे ठरवणारा आणि दोन्हींचा मोबदला घेणारा माणूस एकच. निरक्षर शेतकरी कचेरीत कसा नाडला जातो, हे जोतीराव फुल्यांनी पुन्हापुन्हा आणि तपशिलात मांडलं. त्यांच्या टीकेचा गाभा लिपीविरुद्ध नव्हता. कागद कुणाच्या ताब्यात आहे आणि तो वाचता कुणाला येतो, या दोन गोष्टी एकाच हातात एकवटल्या की काय होतं, ते ते दाखवत होते. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी काय केलं? १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आणि १९१८मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. लोक आधी शिकतील, मग आपोआप कुलकर्ण्याची गरज संपेल, अशी वाट ते बघत बसले नाहीत. शिक्षणाचं बी पेरलं, आणि पीक येईपर्यंत लोक नाडले जाऊ नयेत म्हणून व्यवस्थाही त्याच दमात बदलली. डिजिटल साक्षरतेचा धोशा लावणाऱ्यांनी त्या दोन तारखांमधलं अंतर लक्षात घ्यावं. एका वर्षाचं आहे.

आज सेवा केंद्रात जाऊन बघा. अर्जदाराच्या नावाचं लॉगिन, पण पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत. मोबाइल नंबर कधी त्याचाच, कधी शेजाऱ्याचा. "अर्जात त्रुटी" असा संदेश त्या नंबरवर येतो आणि तिथेच विरतो. अर्जदाराला आपला अर्ज कसा दिसतो हेही ठाऊक नसतं. त्याच्या हातात असते फी भरल्याची चिठ्ठी आणि "होऊन जाईल" हा शब्द. मी केंद्रचालकाला नवा कुलकर्णी म्हणत नाही. त्याला वतन नाही, थोड्याशा कमिशनवर तो दिवसभर लोकांच्या शिव्या आणि सर्व्हरचे नखरे झेलतो, आणि त्याच्यासारखी पोरं नसती तर कित्येक गावांत ऑनलाइन सेवा कागदावरच राहिली असती. पण "अडलं तर सेवा केंद्र आहे ना" असं जे म्हणतात त्यांनी हे कबूल करावं की आपण घरबसल्या सेवा देत नाही आहोत. आपण अर्ध्या राज्यासाठी घरबसल्या सेवा आणि उरलेल्यांसाठी नवा मध्यस्थ देतो आहोत, आणि दोन्हींना एकच नाव ठेवतो आहोत.

पिढी बदलली की प्रश्न मिटेल, हा मुद्दा त्याहून कच्चा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांपैकी ३३ टक्क्यांनीच कधी तरी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले, हे मान्य. पण ही दरी म्हाताऱ्यांची नव्हती. एकाच वयाच्या, बहुधा एकाच घरातल्या बाई आणि बुवांमधली होती. घरात एक फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो हे आपल्याला माहीत आहे. शिवाय फोन हाताळता येणं आणि अर्ज भरता येणं यांत पुष्कळ अंतर आहे. दिवसाला शंभर व्हिडिओ बघणारा, स्वतः बनवून टाकणारा बावीस वर्षांचा मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना "बोनाफाइड", "उत्पन्नाचा स्रोत", "खंड प्रमाणपत्र" या शब्दांपाशी अडतो, फोटो किती केबीचा हवा यापाशी अडतो, आणि केंद्रावर येतो. त्याला कुठल्या पिढीत टाकायचं?

आणि ज्यांच्या बाबतीत शिक्षणाचा, वयाचा काहीच संबंध नाही त्यांचं काय? केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र सांगतं. आम्लहल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या त्यांनी काय करायचं? ज्यांना दिसत नाही त्यांनी पडद्यावरच्या चौकटीत चेहरा कसा बसवायचा? अशा लोकांना थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि या प्रक्रिया सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. त्या अर्जदारांमधे डिजिटल साक्षरतेची काही कमतरता नव्हती. ज्याने तो टप्पा आखला त्याच्या डोळ्यांसमोर एकाच प्रकारचा चेहरा होता, एवढंच.

माझ्या दृष्टीने सगळा वाद या आखणीपाशी येऊन थांबतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. १७ कोटींहून अधिक मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. अशा देशात सरसकट मताधिकार म्हणजे वेडेपणा, असं म्हणणारे शहाणे देशात आणि परदेशात पुष्कळ होते. आजच्या भाषेत ते म्हणाले असते, आधी साक्षरता वाढवा. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने काय केलं? वाचता न येणाऱ्या माणसाला मत देता यावं अशी मतदानाचीच रचना केली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. झोपडी, दिवा, बैलजोडी. ज्याला अक्षर कळत नाही त्याला बैलजोडी कळते. मताची किंमत तीच, गुप्तता तीच, फक्त दार अशा उंचीवर बसवलं की प्रत्येकाचा हात पोचावा. या देशाने केलेल्या सगळ्यात धाडसी प्रशासकीय कामांपैकी ते एक होतं, आणि ते करताना नागरिकाला कुणी "अजून तयार नाही" असं म्हटलं नाही.

पण त्याच निवडणुकीची दुसरी, बोचणारी बाजूही सांगायला हवी. मतदारयादी करताना लाखो बायकांनी, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहा म्हणाल्या. बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानेच होईल, असं आयोगाने ठरवलं आणि सुमारे २८ लाख नावं गाळली गेली. तत्त्व योग्य होतं, किंमत मात्र बायकांनी मोजली. ताठर रचनेची किंमत नेहमी काठावरचा माणूसच मोजतो, हे तेव्हाही खरं होतं. तरी त्या ताठरपणामागे एक विचार होता की नागरिक ही तिच्या स्वतःच्या नावाने नागरिक आहे. आता २०२५च्या सप्टेंबरमधे या. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि तिच्यात बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी सक्तीची झाली, म्हणजे त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी हवा. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं होतं; हेतू समजण्यासारखा आहे. पण जिचा नवरा वारला आहे आणि वडीलही, तिने कुणाचा ओटीपी आणायचा? जिला नवऱ्याने टाकलं आहे, तिने त्याच्याकडे फोन करून आकडे मागायचे? योजना ज्या बायकांसाठी सगळ्यात जास्त गरजेची, त्यांच्यासाठीच रकाना नव्हता. ओरड झाली, मग मुदत वाढली, मग मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडीत देण्याची सोय झाली. म्हणजे शेवटी मार्ग कुठून निघाला? कागद हातात घेऊन ऐकून घेणाऱ्या माणसाकडून. तो माणूस पहिल्या दिवसापासून का नव्हता?

हे आपल्याकडे पहिल्यांदाही घडलेलं नाही. २०१७च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन सक्तीचे होते आणि नवरा-बायको दोघांनी ठसे द्यायचे होते. केंद्रांबाहेर शेतकऱ्यांच्या रात्री गेल्या. २०२१च्या मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांना लसीसाठी फक्त ऑनलाइन नोंदणी ठेवली. परिणाम काय झाला, तर शहरातली चपळ बोटं ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावून मोकळी झाली, आणि गाड्या करून आलेल्या पाहुण्यांना लस टोचली जाताना गावातला माणूस कुंपणाबाहेरून बघत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला या डिजिटल दरीबद्दल थेट विचारणा केली आणि जूनमधे सगळ्याच केंद्रांवर जाऊन नोंदणीची मुभा खुली झाली. शहरातल्या माणसाला त्या ॲपबद्दल विचारलं तर तो म्हणेल, उत्तम होतं. गावातला म्हणेल, आमची लस घेऊन गेले. दोघंही एकाच ॲपबद्दल बोलत असतील.

पुढारलेल्या देशांची उदाहरणं आपल्याकडे फार दिली जातात, विशेषतः एस्टोनियाचं. तो दाखला मीही देतो, पण पुरता. एस्टोनियात २००५पासून ऑनलाइन मतदान होतं आणि २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं ऑनलाइन पडली. तरी तिथे कागदी मतपत्रिका बंद झालेली नाही. ज्याला केंद्रावर जाऊन मत द्यायचंय त्याला ते आजही देता येतं. दुसरं म्हणजे तिथला नियम असा की जी माहिती सरकारकडे एकदा आली ती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही. आपल्याकडे सरकारनेच दिलेला जातीचा दाखला सरकारच्याच दुसऱ्या खात्याला स्कॅन करून द्यावा लागतो, पुढच्या वर्षी पुन्हा. डेन्मार्कने २०१४मधे सरकारी टपाल सगळ्यांसाठी डिजिटल केलं, पण त्याच कायद्यात, ज्यांना जमत नाही त्यांना सूट मागून कागदी टपाल घेण्याची तरतूद ठेवली. श्रीमंत, शिकलेल्या, छोट्या देशाला सूट ठेवावीशी वाटली. मग ज्या राज्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, तिथे ती अनावश्यक कशी ठरते? देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. ओळख द्यायला दिल्लीचं सरकार त्या गावापर्यंत चालत गेलं होतं. ओळख वापरायची वेळ आली तेव्हा मात्र चालत यायचं काम गावावर आलं.

आता पावतीबद्दल. महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्क कायदा आहे आणि कायदा चांगला आहे. कुठली सेवा किती दिवसांत मिळायला हवी हे त्यात ठरतं, न मिळाल्यास दोन अपिलं, पुढे आयोग, आणि चुकार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण हे सगळं घड्याळ कधी चालू होतं? अर्ज दाखल झाला की. सेवा केंद्रातल्या त्या बाईंचा अर्ज दाखलच झाला नाही. त्यांच्या अंगठ्यावर पेटलेला लाल दिवा कायद्याच्या लेखी घडलेलाच नाही. खिडकीवरच्या कारकुनाने हाकललं असतं तर त्याचं नाव सांगता आलं असतं, साहेबाकडे जाता आलं असतं, चार लोकांसमोर भांडता आलं असतं. सर्व्हरशी कोण भांडणार? जुनी व्यवस्था नाकारायची तेव्हा निदान तिने नाकारलं हे दिसायचं. नवी नकार देते आणि मागे काहीच ठेवत नाही. तो खाडा, ते भाडं, ती चक्कर कुठल्याच आकडेवारीत येत नाही. म्हणून मंत्रालयात बसलेल्या माणसालाही प्रामाणिकपणे वाटतं की सेवा उत्तम चालली आहे. त्याच्या पडद्यावर फक्त पूर्ण झालेले अर्ज येतात.

उपाय अवघड नाही. ठसा जुळला नाही, ओटीपी आला नाही, साइट बंद पडली, नाव जुळेना, तर त्याच क्षणी छापील चिठ्ठी मिळावी: तारीख, वेळ, सेवा, अडण्याचं कारण. ती चिठ्ठी म्हणजेच अर्ज दाखल झाल्याची तारीख धरावी आणि तिथून कायद्याचं घड्याळ सुरू व्हावं. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाचा कागदी अर्ज नाकारायचा अधिकार कुणालाही नसावा. आधारच्या २०१८च्या निकालात, ओळख पटण्यातल्या बिघाडामुळे कुणाचा लाभ तुटू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलेलं आहे. गरज आहे ती लाल दिवा पेटतो त्या टेबलावर ते तत्त्व उतरवण्याची. हे जमतं याचा पुरावाही आपल्यासमोर आहे. निवृत्तिवेतनधारकांचे ठसे उठत नाहीत हे लक्षात आल्यावर चेहऱ्यावरून ओळखीची सोय झाली, पोस्टमन घरी येऊन दाखला घेऊ लागला, आणि बँकेतला कागदी मार्गही बंद झाला नाही. एका सेवेला तीन-चार वाटा. फरक इतकाच की निवृत्त माणसं संघटित आहेत आणि त्यांना पत्रं लिहिता येतात.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी घेतो: कागदाची वाट उघडी ठेवली की बोगस लाभार्थी त्याच वाटेने शिरतील. बोगस नावं होती, एकेका माणसाच्या नावावर दोन-दोन रेशनकार्डं होती, आणि तो पैसा गरिबाच्याच ताटातून जात होता, हे मी नाकारत नाही. पण पडताळणी म्हणजे फक्त ठसा आणि ओटीपी, हे कुणी ठरवलं? बाई विधवा आहे की नाही हे अंगणवाडीताईला गल्लीत माहीत असतं. माणूस जिवंत आहे की नाही हे ग्रामसभेला विचारलं तर कळतं. २०१७मधे संगणकावर चढवलेले सातबारे गावोगाव चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले गेले. वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला गट नंबर, क्षेत्र, नाव कानांवर पडलं आणि उभं राहून "हे चुकलंय" म्हणता आलं. यंत्राची चूक गावासमोर दुरुस्तीला आली. तसंच, दर ग्रामसभेत, २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, आपल्या गावातल्या किती जणांना यंत्राने परत पाठवलं, कुठल्या कामासाठी आणि किती वेळा, याची यादी वाचली जावी. आणि त्या बाईंसारखं कुणी उठून म्हणालं की मीही आले होते, माझं नाव यात नाही, तर ते तिथल्या तिथे लिहून घेतलं जावं.